अर्धी वाट आपली



सुरुवातीलाच एक विनंती करते. माझ्या उजव्या बाजूला सांकेतिक भाषेच्या दुभाषी उभ्या आहेत. त्यांच्यावरचा दिवा व्याख्यान संपेपर्यंत मंद करू नका, आणि छायाचित्रकारांनी पहिल्या दोन रांगांसमोर उभं राहू नये. तिथे बसलेले श्रोते डोळ्यांनी ऐकताहेत. मध्ये कोणी आलं की त्यांचं वाक्य तुटतं.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्यानंतर महाराष्ट्रात गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. कीर्तन, पोवाडा, जाहीर सभा, नाट्यसंगीत, आकाशवाणी यांमधून आपलं सार्वजनिक मन घडलं, आणि हे सगळं कानांवाटे आत आलं. मग ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं या घडणीत कुठे होती? २०११च्या जनगणनेत देशातल्या ५० लाखांहून अधिक लोकांची नोंद ऐकण्याच्या अपंगत्वाखाली झाली. ती माणसं आपल्याच घरांत, आळ्यांत, गाड्यांत होती आणि आहेत. आपल्या गोष्टींत मात्र मुक्याला वाचा फुटते तेव्हाच चमत्कार होतो. गावानं त्या मुक्याची भाषा शिकून घेतली, अशी एकही गोष्ट लहानपणी माझ्या कानावर आली नाही. आज मला बोलायचं आहे ते या न सांगितलेल्या गोष्टीबद्दल.

मुंबईपासून सुरुवात करते.

लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डबा असतो. गर्दीच्या वेळी त्यात डोकावलात तर एखाद्या कोपऱ्यात चार-पाच जणांचे हात भराभर चालताना दिसतील. अॅनेलिस कुस्टर्स या मूळच्या बेल्जियमच्या आणि स्वतः बधिर असलेल्या संशोधिकेनं या डब्याचा बारकाईनं अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. बधिर माणसांच्या दृष्टीनं हा डबा नुसता प्रवासाचा नाही, हे त्यातून पुढे आलं. अमुक वेळेची गाडी पकडायची, कारण तमुक मित्र त्यात असतो. वेळ पडली तर एक गाडी सोडून द्यायची. फलाटावर भेटायचं, बोलणं रंगलं तर पुढच्या स्टेशनापर्यंत जायचं. नोकरी कुठे निघाली, कोणाचं लग्न ठरलं, कुठल्या कार्यालयात कोणता कागद लागतो, ही माहिती या डब्यात हातोहात फिरते. ऐकणाऱ्या माणसाला अशी माहिती चहाच्या टपरीवर, शेजारच्यांच्या बोलण्यातून, रेडिओवरून न मागता मिळत राहते. बधिर माणसाला ती मिळवावी लागते. म्हणून दिवसभर ऐकणाऱ्यांच्या जगात एकट्यानं काम केल्यावर मिळणारा तो अर्धा-पाऊण तास त्याच्यासाठी कट्टाही असतो, वर्तमानपत्रही असतं आणि माहेरही.

याच डब्यात भांडणंही होतात. हात, पाय, डोळे ठीक दिसणाऱ्या माणसाला इतर प्रवासी विचारतात, तू इथे कसा? बधिरत्व दिसत नाही. ओळखपत्र काढून दाखवावं लागतं. अपंगांची चळवळ एक असली तरी तिच्यातली सगळी दुखणी सारखी नाहीत, हे या जागेच्या भांडणांतून फार स्पष्ट कळतं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला उतरण हवी असते. ती एकदा बांधली की रोज उपयोगी पडते. बधिर माणसाला समोरचा माणूस हवा असतो, त्याची भाषा जाणणारा किंवा निदान त्याच्याकडे बघून बोलणारा, आणि तो प्रत्येक ठिकाणी नव्यानं मिळवावा लागतो.

कुस्टर्स यांनीच पुढे २०१५ मध्ये ‘इशारे’ हा माहितीपट केला. त्यात मुंबईतली सहा बधिर माणसं दुकानदार, फेरीवाले, वेटर, कंडक्टर यांच्याशी व्यवहार कसे करतात ते दिसतं. ज्यांना ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही अशी माणसंही त्यात आहेत. समोरच्याच्या तळहातावर लिहून, स्पर्शानं ती बोलतात. तो पाहताना मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते फेरीवाल्याचं वागणं. त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक दहा भाषा बोलत येतं, त्यामुळे शब्द अडले की हात वापरायची त्याला सवय असते. तो बोटांनी भाव सांगतो. पाच बोटं म्हणजे पाच, पन्नास की पाचशे हे समोरच्या वस्तूवरून समजून घेतलं जातं. भाजी शिळी आहे, माप कमी आहे, उद्या ये, ताजं येईल, हे सगळं भुवया, मान आणि हात मिळून सांगतात. घासाघीससुद्धा होते. कोणी कोणावर उपकार करत नाही.

आता त्याच बधिर माणसाला बँकेच्या काचेसमोर उभं करा. खिडकीमागचा माणूस संगणकाकडे बघत बोलतो. मान वर न करता ‘पुढचा’ म्हणतो. बधिर ग्राहकानं कानाकडे बोट दाखवलं की आवाज चढतो. लिहून द्या म्हटलं तर मागची रांग कुरकुरते. कागदावर जे लिहून मिळतं ते इंग्रजीत किंवा कार्यालयीन मराठीत, आणि ज्याला शाळेनं धड एकही भाषा दिली नाही त्याला ते वाचता येत नाही. सहीची जागा दाखवली जाते, तो सही करतो. कशावर केली ते त्याला घरी जाऊन शोधावं लागतं. शिकलेल्या माणसाच्या खिडकीपेक्षा फेरीवाल्याच्या गाडीवर बधिर माणसाला अधिक मान मिळतो, असं मी जबाबदारीनं म्हणते. समजून घेण्याची कुवत या शहरात भरपूर आहे. कार्यालयाच्या दारातून आत जाताना आपण ती बाहेर ठेवतो.

पण इथेच थांबले तर मी तुमची दिशाभूल करेन. बाजारातल्या खुणा पुरत नाहीत. मेथीची जुडी खुणांनी घेता येते. गाठ कर्करोगाची आहे का, कर्जाचा हप्ता का वाढला, वडिलांनी मृत्युपत्रात काय लिहिलं, हे खुणांनी कळत नाही. त्यासाठी पूर्ण भाषा लागते. ती आहे, आणि आपल्याकडे सुशिक्षितांतही अनेकांना हे ठाऊक नाही.

विल्यम स्टोकी या अमेरिकन अभ्यासकानं १९६० साली सांकेतिक भाषेची रचना मांडून दाखवली, तोवर भाषाशास्त्रज्ञही तिला हातवारे समजत होते. भारतीय सांकेतिक भाषेचे पहिले पद्धतशीर शब्दसंग्रह १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर या शहरांत फिरून केले. वशिष्ठ हिमाचलातल्या खेड्यातले. अकराव्या वर्षी आजारात ऐकू येणं गेलं. दिल्लीत फोटोग्राफी शिकून ते पुढे अमेरिकेतल्या गॅलॉडेट विद्यापीठापर्यंत पोचले. आपल्या लोकांच्या भाषेचा कोश त्यांनी स्वतः केला, याचं मोल मला फार वाटतं. नंतर उल्रिके झेशान यांनी व्याकरणाचा सविस्तर अभ्यास केला. शहरागणिक शब्द बदलतात, व्याकरणाचा सांगाडा मात्र सारखा राहतो, असं त्यातून दिसलं. कोकणी माणूस आणि वऱ्हाडी माणूस मराठीतच बोलतात, त्यातलाच हा प्रकार.

थोडं व्याकरण सांगते, कारण आदर माहितीतून येतो. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतो. नकारही साधारणपणे शेवटी येतो. होय-नाही स्वरूपाचा प्रश्न भुवया उंचावून, मान किंचित पुढे करून विचारला जातो. म्हणजे चेहरा इथे भावना तर दाखवतोच, शिवाय व्याकरणाचं कामही करतो. चेहरा कोरा ठेवून नुसते हात हलवले तर ते वाक्य अर्धवट राहतं. ‘मी तुला देते’ आणि ‘तू मला देतोस’ यांत क्रियापद एकच. हात माझ्याकडून तुझ्याकडे गेला की एक अर्थ, उलट आला की दुसरा. कर्ता आणि कर्म हवेतल्या जागांवर ठेवलेले असतात. मराठीत ज्यासाठी विभक्ती लागते ते काम इथे दिशा करते. पुरुषासाठी मिशीची खूण, स्त्रीसाठी नाकाच्या बाजूला, नथ-चमकीच्या जागी टेकवलेलं बोट. ही भाषा या मातीत वाढली आहे हे त्या बोटावरून कळतं.

आणि नावं. बधिर मंडळींच्या वर्तुळात तुम्ही काही दिवस वावरलात की तुम्हाला सांकेतिक नाव मिळतं. गालावरची खळी, कपाळावरचा व्रण, चष्मा सावरण्याची लकब, यावरून ते ठरतं. ते स्वतः घेता येत नाही, इतरांनी द्यावं लागतं. आडनाव नसल्यामुळे त्यातून जातही कळत नाही. त्या वर्तुळात जातीपाती नाहीत असं मी म्हणणार नाही. पण ओळखीची सुरुवात तुम्ही कसे दिसता, कसे वागता इथून होते, हे मला मोलाचं वाटतं.

मग इतकी समृद्ध भाषा शाळेतून हद्दपार का झाली? १८८० साली इटलीत मिलान इथे बधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींमध्ये बधिर माणूस एक. मुलांना तोंडी बोलायलाच शिकवावं, तीच पद्धत श्रेष्ठ, असा ठराव तिथे झाला. जगभरच्या शाळांतून हातांची भाषा काढून टाकण्यात आली, बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्याकडची पहिली बधिर शाळा मुंबईत निघाली ती याच दशकात. त्यामुळे भारतातल्या बधिर शिक्षणाच्या डोक्यावर मिलानचं सावट जन्मापासून होतं. वर्गात खुणा केल्या म्हणून हातावर पट्टी खाल्लेली, हात पाठीमागे बांधून बसवलेली पिढी आजही आपल्यात आहे. त्या पिढीनं आपली भाषा मधल्या सुटीत, वसतिगृहात, पटांगणाच्या कडेला एकमेकांकडून शिकली. २०१०मध्ये व्हँकुव्हरला भरलेल्या याच परिषदेनं मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. १३० वर्षं गेली होती.

शाळेआधी घर येतं, आणि सगळ्यात खोल जखम तिथली आहे.

दहापैकी नऊहून अधिक बधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. मातृभाषेतून शिक्षण द्या असं आपण आग्रहानं म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. पण बधिर मुलाची पहिली भाषा होऊ शकते ती त्याच्या आईलाच येत नसते. बाळाच्या पहिल्या चार-पाच वर्षांत मेंदू भाषेसाठी जसा मोकळा असतो तसा पुढे राहत नाही. त्या वर्षांत मुलाला बोललेलं ऐकू येत नाही आणि हातांनी कोणी बोलत नाही. मूल सहाव्या-सातव्या वर्षी शाळेत येतं तेव्हा अनेकदा ‘काल’ आणि ‘उद्या’ सांगण्याचं साधनही त्याच्याजवळ नसतं. त्याची बुद्धी शाबूत असते. तिला धरून चढायला आधार मिळालेला नसतो. पुढे हेच मूल दहावीत मागे पडलं की आपण म्हणतो, बहिऱ्यांना जमत नाही.

कॉक्लिअर इम्प्लांटच्या मी विरोधात नाही. लहान वयात शस्त्रक्रिया झाली, नीट वाचाउपचार मिळाले, तर पुष्कळ मुलं छान बोलतात. सरकारी योजनांमुळे ती गरिबांच्या आवाक्यात आली, हेही चांगलं झालं. माझा आक्षेप आहे तो त्यासोबत येणाऱ्या सल्ल्यावर: आता घरात खुणा बंद करा, नाहीतर मूल बोलायला शिकणार नाही. सांकेतिक भाषेमुळे बोलणं मागे पडतं हे खरं नाही. उलट एक भाषा पक्की असलेलं मूल दुसरी लवकर शिकतं, हे बहुभाषक भारतात कोणाला समजावून सांगायला नको. यंत्र रात्री काढून ठेवावं लागतं, अंघोळीला काढावं लागतं, सुटे भाग महाग असतात, खेड्यात दुरुस्ती मिळत नाही. सगळ्यांना सारखा गुणही येत नाही. मुलाचं अख्खं बालपण एका यंत्राच्या भरवशावर टाकण्यापेक्षा हातांची भाषा सोबत द्यावी. त्यात गमावण्यासारखं काही नाही.

आणि मोठेपणी? लग्नाघरी पंगत बसली आहे. काका काहीतरी किस्सा सांगतात, सगळी पंगत हसते. बधिर आत्या इकडेतिकडे बघते, शेजारणीला कोपरानं विचारते, काय झालं? शेजारीण म्हणते, ‘नंतर सांगते.’ ते नंतर बहुधा येत नाही. आलं तर एका वाक्यात उरकतं: काही नाही गं, आबांची गंमत. घरातली प्रेमळ माणसं हे करतात. आत्याला कोणी उपाशी ठेवत नाही, साडीचोळीही मिळते. पण घरात काय चाललं आहे हे तिला कळत नाही. जमिनीचा वाद, भाच्याचं शिक्षण, भावाचा आजार, सगळं तिच्यापर्यंत निकाल लागल्यावर पोचतं. मी ज्या ज्या बधिर व्यक्तींशी मनमोकळं बोलले, त्यांनी आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख हेच सांगितलं.

हे अटळ नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. तिथल्या चिलमार्क परिसरात एकोणिसाव्या शतकात आनुवंशिक बधिरत्वाचं प्रमाण मोठं होतं. जवळपास सगळे ऐकणारे रहिवासीही खुणांची भाषा लहानपणापासून बोलत. कोळी दोन होड्यांमधून हातांनी बोलत. नोरा ग्रोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करून १९८५ साली पुस्तक लिहिलं. अमका बधिर होता का, हे त्यांना आठवून सांगावं लागे, कारण तो आधी उत्तम कोळी किंवा शेतकरी म्हणून लक्षात होता. कानांची स्थिती तीच होती. बाकीच्यांनी आपली अर्धी वाट चालून टाकली होती, एवढंच.

आपल्या कायद्यानं ही वाट किती सावकाश कापली ते पाहण्यासारखं आहे. मनुस्मृतीनं जन्मतः अंध आणि बधिर, तसंच मुक्या माणसांना वारसाहक्कातून वगळलं, आणि इंग्रजी अमदानीतली न्यायालयं हा नियम लावत राहिली. १९२८चा वारसाहक्काविषयीचा कायदा आला तेव्हा मिताक्षरा या वारसापद्धतीखालच्या कुटुंबांतून, म्हणजे आपल्याकडेही, ही अपात्रता उठली. आत्याला जमिनीच्या वादातलं काही न सांगण्याची सवय आपल्याला कुठून लागली, याचा एक धागा इथे आहे असं मला वाटतं. १८७२च्या पुरावा कायद्यानं बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराला खुणांनी साक्ष द्यायची मुभा दिली होती. २०१३ साली त्यात दुभाष्याची मदत आणि चित्रीकरण यांची तरतूद आली, ती आता भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. २०१६चा दिव्यांगजन हक्क कायदा सांकेतिक भाषेला संवादाचं साधन मानतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या बधिर वकिलानं दुभाष्यामार्फत काम पाहिलं. हे सगळं मोठं आहे, ते मी कमी लेखत नाही.

पण तालुक्याच्या पोलीस ठाण्यात अत्याचाराची फिर्याद द्यायला बधिर मुलगी येते तेव्हा दुभाषी कुठून आणायचा? देशातले प्रशिक्षित दुभाषी शेकड्यांत मोजावे लागतात. दवाखान्यात डॉक्टर गर्भवतीशी न बोलता तिच्या नणंदेशी बोलतात. आईच्या गाठीचा तपासणी अहवाल सातवीतल्या मुलीला आईला समजावून सांगावा लागतो. त्या मुलीवर आपण काय लादतो आहोत याचा विचार त्या दवाखान्यात कोणीतरी करायला हवा. व्हिडिओ कॉलनं बधिर माणसांचं जग पालटलं, लोकलच्या फलाटावर आता मोबाइल समोर धरून हातांनी बोलणारी तरुण मुलं दिसतात. त्याच व्हिडिओ कॉलवर जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला एक दुभाषी दहा दवाखान्यांना आणि ठाण्यांना मिळू शकतो. यासाठी नव्या यंत्राची गरज नाही. पगाराची एक जागा लागते.

आपण भाषेच्या प्रेमासाठी ओळखले जाणारे लोक आहोत. भाषेच्या पायावर आपण १९६० साली राज्य मिळवलं, आणि त्यासाठी माणसांनी प्राण दिले. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. आपली भाषा कोणी कमी लेखली तर काय वाटतं हे आपल्याला माहीत आहे. म्हणून भारतीय सांकेतिक भाषेला आठव्या अनुसूचीत स्थान द्या ही बधिर समाजाची मागणी महाराष्ट्रानं आपली म्हणून उचलावी. आपला वारसा पाहता ते आपल्याकडून अपेक्षितच आहे.

तुम्ही-आम्ही रोजच्या जगण्यात काय करावं, असं मला विचारलं जातं. बधिर माणसाशी बोलताना चेहऱ्यावर उजेड असू द्या, तोंडापुढे हात नको. लक्ष वेधायला खांद्याला हलकेच हात लावा किंवा दिव्याची उघडझाप करा. दुभाषी सोबत असेल तेव्हा नजर त्या बधिर व्यक्तीकडे ठेवा, ‘त्यांना सांगा’ असं दुभाष्याला म्हणू नका. ओरडू नका. हे दोन मिनिटांत शिकता येतं. भाषा शिकायला मात्र माणसं लागतात. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली दिल्लीत स्थापन झालं. त्याचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०२१ मध्ये १०,००० वर गेला, आणि तो दृश्यरूपात मोफत पाहता येतो. आमच्या मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे आणि दिल्लीत बधिर तरुण ही भाषा शिकवण्याची पदविका घेतात, तर ऐकणारे दुभाषी होण्याची.

या पदविका घेतलेल्या बधिर मुलामुलींचं पुढे काय होतं, हा माझा शेवटचा मुद्दा आहे. २०१६च्या कायद्याचं १७ वं कलम सांकेतिक भाषा जाणणारे, स्वतः अपंग असलेले शिक्षक घ्या आणि तयार करा असं शासनाला सांगतं. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या मूकबधिर विद्यालयात जा आणि विचारा, इथे बधिर शिक्षक किती? उत्तर शून्य आलं तर संस्थाचालकांना आणि जिल्हा परिषदेला लेखी विचारा, कायद्यातलं कलम सांगून विचारा. आणि अंगणवाडीत ऐकण्याची तपासणी होऊन ज्या बाळांचं निदान होतं, त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा हा बधिर शिक्षक गेला पाहिजे, अशी मागणी करा. त्यानं बाळाशी बोलावं, आणि बाळाच्या आई-बाबांना, आजी-आजोबांना शिकवावं. मानधन काय द्यावं, प्रवासखर्च कोणी सोसावा, याचा कच्चा आराखडा मी आणि आमच्या काही बधिर सहकाऱ्यांनी केला आहे. तो दाराशी ठेवला आहे. आपल्या तालुक्याचं नाव लिहून एकेक प्रत घेऊन जा, आणि पुढच्या अंदाजपत्रकाच्या आधी तो आपल्या जिल्हा परिषद सदस्यांच्या हातात द्या.